एक सोडून एक

टक् असा आवाज झाला आणि इंजिन अडकलं. आवाज मोठा नव्हता. स्वयंपाकघरात आईनं ओट्यावर चमचा ठेवला असता तरी याहून मोठा झाला असता. पण अनुयाच्या तळहातांना तो कळला, मनगटातून कोपरापर्यंत चढला आणि तिथेच थांबला. तिच्या मांडीवर काउल पालथं होतं. विमानाच्या नाकावर बसतं ते गोल कवच, पिवळंधमक, दोन्हीकडून उघडं, मधल्या आकाराच्या पातेल्याएवढं. आई त्याला पातेलंच म्हणायची. त्याच्या पोटात जायचं ते नऊ सिलिंडरचं इंजिन बोटभर बाहेर राहिलं होतं. समोर खुर्चीत बाबा होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा. त्यांनीही ऐकलं होतं. अंबरनाथच्या कारखान्यात तपासणी खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला काय बसलं आणि काय अडलं हे बघावं लागत नाही. मोरिवलीच्या बाजूच्या गेटातून आत शिरताना नुसत्या आवाजावरून बाबा, कारखान्यातले विष्णुपंत, सांगायचे म्हणे, की आज तीन नंबरच्या मशीनवर माल खराब निघतोय.

इंजिन खोटं होतं. विमान खऱ्याच्या पाचपट लहान, जुन्या काळी वैमानिकांना शिकवायला वापरायचे तसलं दोनपंखी. ते उडवणारी मोटर मागे दडलेली, बॅटरीवरची, मुठीएवढी. पुढून बघणाऱ्याला मात्र चांदणीसारखे पसरलेले नऊ सिलिंडर दिसायला हवेत, त्यांच्या गारव्याच्या पट्ट्या, नळ्या, स्क्रू, सगळं. मॉडेलवाले त्याला डमी म्हणतात. या डमीला बाबांनी अकरा महिने दिले होते, एकेका सिलिंडरला महिनाभर आणि वर दोन. इंजिन झालं. काउल झालं. एकात एक घालायचं तेवढं राहिलं, आणि श्रावणात बाथरूमच्या दारात बाबांना झटका आला. आता जानेवारी होता. आज रविवार. दुपारचा दीड. चारला कैलास टेम्पो घेऊन येणार होता, कारण सोनिवलीला त्याच्या वडिलांच्या, हिरामण यांच्या, भाताच्या शेतात बाबांच्या मंडळींची विमानं उडायची, आणि उद्यापासून त्या शेताला बिल्डरचे पत्रे लागणार होते. यापुढचं मैदान कर्जतच्या पलीकडे. तिथे बाबांना कोण नेणार आणि ते कसे बसणार.

सकाळीच कैलासचा फोन आला होता. “ताई, नाय बसला तं टेंशन नका घेऊ. नाकान दोनशे ग्रॅम शिसा टाकू, इमान उडनार. तोंड काय, मोकला ऱ्हाईल.” फोन स्पीकरवर होता. बाबांनी ऐकलं आणि खुर्चीचा हात डाव्या हातानं घट्ट धरला. असल्या विमानाचं नाक आखूड, त्यामुळे ते शेपटीवर बसतं. पुढे वजन लागतं. सगळे शिसं भरतात. बाबांनी तेच वजन सिलिंडरांतून आणलं होतं. शिसं म्हणजे त्यांच्या लेखी हिशेब चुकल्यावर भरलेला दंड. चारपर्यंत इंजिन बसलं नाही तर त्यांचं विमान बोळक्या तोंडानं उडणार होतं, पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं.

“दात,” बाबा म्हणाले.

झटक्यानंतर त्यांचे शब्द गेले नव्हते, जागा बदलून बसले होते. चहाला ते कुलूप म्हणायचे. आईला एकदा साहेब म्हणाले, तेव्हा आई म्हणाली, “चला, एवढं तरी बरं झालं.” सिलिंडरला ते दात म्हणायचे. हे का, हे अनुयाला ठाऊक होतं आणि तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ती उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये दातांच्या लॅबमध्ये काम करायची. कृत्रिम दात, टोप्या, कवळ्या. पंचवीस वर्षं. तिच्या पर्समध्ये कंगव्याशेजारी निळ्या कागदाची डबी असायची.

तो निळा कागद तिनं आता बाहेर काढला. कवळी पेशंटच्या तोंडात घातली, की हा कागद मध्ये ठेवून चावायला सांगतात. जिथे दात उंच, तिथे निळा ठिपका उमटतो. निळं घासायचं, उरलेलं सोडायचं. सगळी विद्या एवढीच आहे, असं लॅबचे मालक चंदूशेठ म्हणायचे, आणि एवढी येईपर्यंत माणूस म्हातारा होतो. तिनं नऊ सिलिंडरांच्या डोक्यांवर नऊ कपटे ठेवले, इंजिन अलगद आत ढकललं, टक् आलं, बाहेर काढलं. प्रत्येक डोक्यावर दोन छोट्या टोप्या होत्या. अठराही टोप्यांवर निळं होतं. एकसारखं. म्हणजे वाकडं गेलेलं नव्हतं. सगळंच केसभर मोठं होतं, किंवा काउल केसभर लहान. तिनं काउलच्या आत बोट फिरवलं. आतून हिरवा रंग. खऱ्या विमानाला आतून गंज लागू नये म्हणून असा हिरवा मारतात, म्हणून बाबांनीही मारला होता. इंजिन बसल्यावर तो जगात कुणालाही दिसणार नव्हता. अस्तर, आणि त्यावर तीन हात. ब्रशनं.

“बाबा, काउलचं माप रंगाआधी घेतलं होतंत?”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग हिरव्याकडे. मग तोंडाची डावी बाजू हलली, आणि कितीतरी दिवसांत न आलेला एक शब्द जागच्या जागी, स्वच्छ आला.

“प्लेटिंग,” ते म्हणाले आणि अर्ध्या तोंडानं हसायला लागले.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. “काय झालं हसायला?” अनुयानं सांगितलं. प्लेटिंगची गोष्ट या घरात देवाच्या आरतीइतकी पाठ होती. ऐंशी-नव्वदच्या दरम्यान बाबांनी तीनशे पिनांचा आख्खा लॉट परत पाठवला होता, कारण कारागिरानं माप पक्कं केलं आणि वरून चढणाऱ्या निकलच्या थराला जागाच ठेवली नाही. वर थर चढणार आहे हे ज्याला आठवत नाही त्यानं धातूला हात लावू नये, असं बाबा लग्नामुंजीतसुद्धा सांगायचे. “म्हणजे स्वतःच्याच लॉटला नापासाचा लाल रंग लावायची वेळ आली तर,” आई म्हणाली. “छत्तीस वर्षं जगाची मापं काढलीत. बरं झालं, देव बघत असतो.” आणि जाता जाता त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारून गेली.

सोपं होतं, आतला हिरवा खरवडायचा. नऊ जागी, नखाएवढा. अनुयानं पॉलिशपेपर हातात घेतला आणि बाबांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. पकड जोरात होती. काउल प्रकाशात धरून त्यांनी तिला दाखवलं. कवच एका थराचं, अंड्याच्या सालीसारखं. हिरव्यातून पिवळं जाणवत होतं. इथे खरवडलं तर साल गेली. मग त्यांनी शब्द शोधले, एकेक, जिन्यावर अंधारात पायरी शोधावी तसे.

“हे... काम.” काउलवर टिचकी. वारा हेच झेलणार. “हे... शोभा.” इंजिनावर टिचकी. “शोभा घास.”

म्हणजे सिलिंडर घासायचे. अकरा महिने. ज्या हातानं केले तो हात मांडीवर पडला होता. एक जरी बिघडला तरी तो पुन्हा होणार नव्हता, या जन्मी नाही. अनुयानं पॉलिशपेपर खाली ठेवला. लॅबमध्ये नेहमी खोटं घासून खरं वाचवतात, इथेही तेच, पण तिथलं खोटं तिचं स्वतःचं असायचं. “मी नाही करणार,” ती म्हणाली. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. इंजिन फिरवून सगळ्यात वरच्या सिलिंडरवर बोट ठेवलं. एक. मग शेजारचा सोडून त्यापुढचा. तीन. मग पाच. “एक सोडून एक,” त्यांनी सांगितलं, आणि हेही स्वच्छ आलं. आकडे त्यांना सोडून गेले नव्हते. ओळीनं घासत गेलं तर एक बाजू आधी हलकी होते आणि सगळं तिकडे ओढलं जातं. शिवाय नऊ सिलिंडरचं खरं इंजिन पेटतंही याच क्रमानं. एक, तीन, पाच, सात, नऊ, दोन, चार, सहा, आठ. लहानपणी तिला पाढ्यांच्या आधी हे यायचं.

एक. हातमशीन पेनासारखं धरायचं. टोकाला वाटाण्याएवढा दगड फिरतो. चंदूशेठनी काल संध्याकाळी स्वतः पिशवीत घालून दिलं होतं, “बाबूजी के लिए ले जा, पण सोमवारी परत आण, नहीं तो मैं क्या दाँत से दाँत घिसूँगा?” तिनं दगड टोपीला नुसता टेकवला. काळा रंग उडाला. खालचा करडा उडाला. आणि मग गुलाबी आलं. तिचा हात थांबला. गुलाबी, हिरडीसारखं गुलाबी, आणि त्याबरोबर तो वास, गोडसर, नाकात चढणारा, जो पंचवीस वर्षं तिच्या ओढण्यांना, डब्याला, झोपेला लागलेला होता. हा मसाला तिचा होता. कवळीच्या हिरड्या ज्या पावडरीच्या करतात ती पावडर. दोन वर्षांपूर्वी बाबा म्हणाले होते, अनू, ती हिरड्यांची पावडर आण गं थोडी, बादलीला भेग गेलीय. तिनं आणली. मग पुन्हा मागितली. तीनदा आणली. “आई,” तिनं इथूनच हाक मारली, “ती भेगेची बादली दुरुस्त झाली होती का गं?” “कुठली? निळी? ती गळतेच आहे अजून,” आतून आई म्हणाली. अनुयानं बाबांकडे बघितलं. बाबा पंख्याकडे बघत होते. अठरा टोप्या त्यांनी तिच्या मसाल्यातून ओतल्या होत्या आणि वरून धातूसारखा रंग दिला होता, असा की सकाळपासून दहा वेळा हातात घेऊन तिच्या बोटांनाही पत्ता लागला नव्हता. आणि हा मसाला किती दाबावर किती जातो, कधी तापतो, कधी कड तुटते, हे तिच्याइतकं कॅम्प एक ते पाचमध्ये फार थोड्यांना ठाऊक होतं. भीती तिथेच होती, पण आता तिला तिचा तळ दिसत होता. तिनं दोन टोप्यांवरून दगड नेला. निळं गेलं. ती थांबली.

तीन. बारावीला तिला मेडिकल मिळालं नाही, दातांच्या डॉक्टरकीलाही नंबर लागला नाही. तिनं दातांच्या तंत्रज्ञाच्या डिप्लोम्याचा फॉर्म आणला आणि बाबांच्या टेबलावर ठेवला. बाबांनी चष्मा लावून तो ड्रॉइंगसारखा वाचला, वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे, आणि म्हणाले, “चालेल.” तेवढंच. चालेल म्हणजे काय. फाटकी चादर चालते. उरलेली पोळी चालते. नातेवाइकांना ते सांगायचे, ती डेंटलमध्ये आहे, आणि ऐकणारा डॉक्टर समजायचा, आणि बाबा त्याला तसं समजू द्यायचे. स्वतःच्या खरवईच्या घरी कधी रात्री कूस बदलताना तो शब्द अजून टोचायचा, चादरीत राहिलेल्या टाचणीसारखा. चंदूशेठनी मात्र पहिल्याच वर्षी तिची एक टोपी उजेडात धरली होती आणि आख्ख्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणाले होते, “देखो. पेशंट को पता चला तो काम कच्चा. डॉक्टर को पता चला तो भी कच्चा. सिर्फ बनानेवालीला पता पाहिजे.” त्या दिवशी कॅम्प तीनपासून स्टेशनपर्यंत ती रिक्षा न करता चालत गेली होती. निळं गेलं.

पाच. काही आठवलं नाही. निळं होतं, घासलं, गेलं.

सात. इथे आल्यावर तिला दिसलं की धुराड्यांच्या नऊ नळ्यांचा रंग सारखा नाही. मुळाशी तांबूस, मग निळसर, मग राखेचा, आणि प्रत्येक नळीवर किंचित वेगळा. तिनं भिंग घेतलं. वरच्या सिलिंडरांच्या नळ्या कोरड्या भाजल्यासारख्या. खालच्या दोघांच्या मात्र तेलकट, काळपट. कारण खरं गोल इंजिन उभं असताना तेल गळून खालच्या सिलिंडरांत साचतं आणि सुरू करताना तिथून धूर येतो. बाबांनी हे कुठे बघितलं होतं? ते आयुष्यात खऱ्या विमानात एकदाच बसले होते, नागपूरला, साखरपुड्याला, आणि तेव्हा त्यांना खिडकी मिळाली नव्हती. जे कधी पेटणार नाही ते कसं जळलं असतं, याचा एक माणूस अंबरनाथ पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर अकरा महिने विचार करत होता. खाली भाजीवाला ओरडत होता, आई जेवायला हाका मारत होती, आणि तो विचार करत होता की तेल कुठे साचेल. तिनं भिंग ठेवलं. “वेड लागलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. बाबांनी मान हलवली, हो अशी. “जेवून घ्या आधी,” आई दारात, “इंजिन काय पळून जात नाही.” “पळण्यासारखं आहे कुठे ते,” अनुया म्हणाली. “मग झालं तर.” पण कुणी उठलं नाही, आणि आईनं दोघांच्या मध्ये वाटीत पोह्यांचा चिवडा आणून ठेवला, चमच्यासकट, म्हणजे तेलकट हात इंजिनाला लागायला नकोत.

नऊ. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीचे दोन प्लग असतात, एक पुढे, एक मागे. पुढचे नऊ दिसतात. अनुयानं इंजिन उलटं केलं, आणि मागचेही नऊ होते. वायरीसकट. काउल बसलं की ते मोटरच्या अंधारात जाणार, कायमचे. आणि प्रत्येक सिलिंडरच्या पाठीवर सुईनं ओरखडलेली मुंगीएवढी खूण, वि. कारखान्यात बाबांचा ठोकायचा शिक्का होता, पोलादी, त्यावर हेच अक्षर. ज्यानं वस्तूला शेवटचा हात लावला त्याचीच खूण, दुसऱ्याची नाही, साहेबाचीही नाही. यावरून त्यांचं एकदा बढतीत नुकसान झालं होतं. कुणाच्या तरी कामावर दुसऱ्याची खूण मारायला सांगितलं होतं आणि बाबांनी शिक्का खिशात घालून घर गाठलं होतं. चंदूशेठचं बोलणं आणि बाबांचा शिक्का ही एकच गोष्ट आहे, हे तिला आज, चव्वेचाळिसाव्या वर्षी, खोट्या प्लगांच्या पाठी बघताना कळलं.

दोन. नऊनंतर एक सोडला, की दोन येतो. हाताला वाटत होतं एक येईल, पुन्हा पहिल्यापासून. त्या क्षणभराच्या घोळात दगड उडाला. किर्र असं झालं. टोपीला काही झालं नव्हतं, खालच्या गारव्याच्या पट्टीला खाच पडली होती, तांदळाच्या कणीएवढी, ताज्या अॅल्युमिनियमची, डोळ्यात खुपेल अशी चकचकीत. अनुयानं मशीन बंद केलं. आता बाबा बघणार. लहानपणी भूमितीची वही ते अशीच बघायचे आणि काही न बोलता परत द्यायचे, आणि ती पान फाडायची. बाबांनी इंजिन डाव्या हातानं जवळ ओढलं. भिंग मागितलं. बघितलं. खूप वेळ बघितलं. मग इंजिन हळूहळू फिरवलं, सातवर आणलं, आणि नखानं एका पट्टीची आतली कड दाखवली. तिथेही एक खाच होती, नेमकी कणीएवढी, वरून काळी केलेली. तिनं मघाशी भिंगातून ती जागा बघितली होती आणि तिला दिसली नव्हती. “मी,” बाबा म्हणाले. आणि काळ्या रंगाची बाटली तिच्याकडे सरकवली. छत्तीस वर्षांत, चव्वेचाळीस वर्षांत, तिनं हा शब्द त्यांच्या तोंडून अशा कामी आलेला ऐकला नव्हता. तिनं ब्रशचं टोक बुडवलं आणि खाच काळी केली. तीन वाजले होते.

चार. बाबा बाथरूमच्या दारात पडले तेव्हा त्यांचे वरचे दोन पुढचे दात तुटले. हॉस्पिटलातून घरी आल्यावर सगळ्यात आधी तिच्या डोळ्यांत भरलं ते तोंडातलं अंधारं भोक. दातांच्या डॉक्टरांनी माप घेतलं, लॅबला पाठवलं, आणि चंदूशेठनी ते पाकीट दुसऱ्या कुणाला दिलंच नाही. तिनं ते दोन दात चार दिवस केले. चहाचा पिवळा, सुपारीचा तांबूस, मधोमध उभी बारीक रेघ. आणि डाव्या दाताच्या कडेला छोटी अर्धगोल झीज. कारण बाबा आयुष्यभर काम करताना रेघ ओढायची पोलादी सुई दातांत धरायचे. ती झीज कुठल्याच मापात नव्हती, दात तर तुटून गेला होता. ती तिनं आठवणीतून घातली. बसवले त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत. तीन आठवडे काहीच नाही. मग एके सकाळी बेसिनपाशी आरशात बघत त्यांनी दातांवरून जीभ फिरवली, पुन्हा फिरवली, तिला बोलावलं आणि खरोखर गोंधळून विचारलं, “यातला... डमी... कुठला?” ती गॅलरीत कपडे वाळत घालायला निघून गेली. एकच टॉवेल तिनं तीनदा झटकला. निळं गेलं.

सहा. बेल वाजली. कैलास लवकर आला होता, साडेतीनलाच. दारातच चपला काढून, एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला शिशाचा तुकडा. “काका, ऊन हाय तवर उडवू, नंतर वारा फिरतंय. झाला का?” “बसतोय,” अनुया म्हणाली. “बसतोय का बसला?” “तू आधी बस,” आई त्याला म्हणाली, आणि तो सोफ्याच्या कडेला टेकला, शिसं मांडीवर ठेवून, बाबांच्या नजरेसमोर. अनुयानं सहा घासला. आठ राहिला असताना एकदा घालून बघावं, म्हणून इंजिन काउलमध्ये सोडलं. सहज गेलं, गेलं, आणि अगदी शेवटी, नखाएवढं उरलेलं असताना, टक्. कैलासनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. “राहू दे ना ताई. लांबून कोनाला दिसतंय? वर गेल्यावर नुसता पिवला दिसनार.” अनुयाला कळलं की तिच्याकडे याचं उत्तर आहे, आणि ते मागच्या नऊ प्लगांसारखं आहे, दाखवता येण्यासारखं नाही. ती म्हणाली, “मला दिसणार ना.” बाबांचा डावा हात खुर्चीवरून सैल झाला.

आठ. इथेही तेच निळं होतं. प्रत्येक टोपीवर एक ठिपका, मोहरीएवढा. तिनं दोन्हींना दगड टेकवला, उचलला. दोन गुलाबी ठिपके उरले. तिनं काळ्या रंगाची बाटली घेतली, पण बाबांनी मान हलवली. वर घट्ट बसणार, रंग पुन्हा थर होणार. एकदा झालेली चूक दुसऱ्यांदा कशाला. अठरा गुलाबी टिकल्या आत तशाच राहणार होत्या. ती इंजिन उचलायला गेली तर त्यांनी पुन्हा थांबवलं. ते उलटं करवलं. शर्टाच्या खिशातून सुई काढली, रेघ ओढायची, पोलादी. झटक्यानंतरही आई रोज ती धुतलेल्या शर्टाच्या खिशात घालून ठेवायची. बाबांनी ती नेहमीप्रमाणे दातांत धरली, त्या झिजेत, आणि ती तिथे बरोबर बसली. मग काढून तिच्यापुढे केली. “तू,” ते म्हणाले. ज्यानं शेवटचा हात लावला त्याची. आठव्या सिलिंडरच्या पाठीवर, त्यांच्या वि शेजारी, अनुयानं अ ओरखडला. तिचा पहिला अ पाटीवर त्यांनी गिरवून घेतला होता, तेव्हाही हात असाच घामेजला असणार.

इंजिन आत गेलं. या वेळी आवाज आलाच नाही, आणि ते न येणं चौघांनीही ऐकलं.

चार स्क्रू, एक सोडून एक. काउल विमानाच्या नाकावर चढलं. विमान हॉलमध्ये पंख लावून उभं होतं; त्यामुळे आईला आठवडाभर टीव्ही अर्धाच दिसत होता. अनुयानं नाकावरचा पंखा हातानं फिरवला. कुठे घासला नाही. कैलास उठला, वरच्या पंखाखाली दोन्ही हातांची दोन-दोन बोटं लावून त्यानं विमान अलगद उचललं, तोल बघायला. शेपूट खाली गेली नाही. नाक खाली गेलं नाही. विमान हवेत सरळ राहिलं, ताटातल्या पाण्यासारखं, आणि कैलास तसाच उभा राहिला, बाळ धरल्यासारखा, त्याला ते खाली ठेववेना. मग ठेवलं, आणि शिशाचा तुकडा गुपचूप पँटच्या खिशात टाकला. मोबाइलचा टॉर्च लावून त्यानं काउलच्या तोंडात बघितलं, आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं. तेलकट नळ्या, वायरी, पट्ट्या.

“काका,” शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, “ह्या कोनी बसवला?”

बाबा खुर्चीत सरसावून बसले. त्यांना बोलायचं होतं. अनुयाला शब्द येताना दिसत होता, आणि तो कुठला हे तिला ठाऊक होतं; पंचवीस वर्षं ओळखीचा होता. या वेळी तो टोचणार नव्हता. तपासणीत त्या तीनशे पिनांना जो मिळाला नव्हता असा तो शब्द होता, हे तिला आता कळत होतं. “चा,” बाबा म्हणाले. “चा... चा...”

“चहा ठेवते हो,” आई म्हणाली. “कैलास, तूही घेशील ना घोटभर?”

बाबांनी जोरात मान हलवली, नाही, नाही. पुन्हा शोधलं. शब्द नव्हता, जागा बदलून तो कुठेतरी दूर जाऊन बसला होता. मग त्यांनी शोधणं सोडलं. डावा हात वर केला, अनुयाकडे बोट दाखवलं, ओठ वर ओढला, आणि वरच्या पुढच्या दोन दातांवर नखानं वाजवलं.

टक्. टक्.

कैलास हसला, म्हणाला, “दात? काका काय बोलतंत ताई?” अनुया पंख्याचा स्क्रू बघायला विमानाच्या नाकावर वाकली. तो घट्टच होता.